जायच्या अठरा दिवस आधी

पुणे, शुक्रवार, रात्री अकरा

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी जेवताना मी अमेरिकेतल्या नोकरीचं सांगितलं आणि बाबा, तुम्ही काही न बोलता ताटावरून उठलात. आई, तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि मला ताक वाढलंस. त्यानंतर रोज फोनवर आपण पाऊस आणि भाजीचे भाव एवढंच बोलतोय. समोर बसलं की माझा गळा दाटतो, म्हणून लिहितेय.

निर्णय झालाय, हे आधीच सांगते. सही करून कागद पाठवलेत. मुदत दोन वर्षांची आहे आणि मी ती वाढवणार नाही. दादाला सांगितलंय, तो दर महिन्याला बंगळूरहून एक शनिवार-रविवार येणार आहे. तो आधी काय म्हणाला ते सोडून द्या, आता त्याने शब्द दिलाय.

बाबा, हात धुताना तुम्ही म्हणालात, "पुण्यात एवढी इंजिनं बनतात, आणि ही होडीच्या शेपटीला टांगायच्या मोटरसाठी अमेरिकेला निघाली." ते मनातून जात नाही. तुम्हाला ते खेळणं वाटावं हे मला सहन होत नाही, कारण ते इंजिन मला पहिल्यांदा तुम्हीच दाखवलंत.

दाभोळला, मामाच्या ओसरीवर. त्या रात्रीबद्दल मी लिहीत नाही, मामी अजून त्या विषयावर उठून आत जाते. पण सकाळ मला लख्ख आठवते. गोणपाट अंथरून तुम्ही इंजिनाचा खालचा पाय उतरवलात आणि पाण्याच्या पंपातून तो रबरी पंखा काढून माझ्या हातावर ठेवलात. माझ्या तेव्हाच्या तळव्यात मावेल एवढाच. सहातली तीन पाती मुळापासून गेलेली. वाळू खाऊन रबर झिजलं, पाणी चढेना, इंजिन तापून बसलं. मला वाटलं, नवा पंखा घातला की झालं. तुम्ही म्हणालात, "तुटलेली पाती गेली कुठे? ती आत अडकली असतील तर नवा पंखासुद्धा काही करू शकणार नाही." आणि आपण दोघं तारेने इंजिनातल्या पाण्याच्या वाटा मोकळ्या करत बसलो. तिसरं पातं मिळेपर्यंत तुम्ही चहाला हात लावला नाहीत.

मला मिळालेलं काम त्याच वाटांचं आहे, बाबा. मोठ्या आऊटबोर्डच्या, म्हणजे होडीमागे टांगायच्या त्याच मोटरच्या, ब्लॉकमधून पाणी कुठून चढवायचं, कुठून उतरवायचं. चौदा वर्षं जनरेटरची डिझेल इंजिनं केली, ती चांगलीच होती. पण जनरेटर जमिनीवर बोल्टांनी आवळलेला असतो आणि त्याचा रेडिएटर त्याच्याजवळ असतो. आऊटबोर्ड बोटीच्या मागच्या फळीवर लटकतं, त्यामुळे किलोकिलोचा हिशेब. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, उभा, म्हणजे ऑइल खाली आणायची वेगळीच कसरत. आणि गाडीसारखा उतार त्याला कधी मिळत नाही. कात्रजचा घाट भरल्या गाडीने चढतोय आणि बोगदा येतच नाही, अशी कल्पना करा. साडेपाच-सहा हजार आरपीएमला तासन्‌तास. थंड करायला पाणी समुद्राचंच, आणि ते फार तापलं की आपल्या गिझरला धरते तशी आतून क्षारांची खडी धरते. म्हणून इंजिन फार गरम ठेवता येत नाही, फार गार ठेवलं तर न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. या दोन्हींच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत काम करायचं. याला खेळणं म्हणाल?

गेले दोन महिने रात्री या इंजिनांचा इतिहास वाचतेय. ओले इव्हिनरूड म्हणून नॉर्वेहून आलेला माणूस, त्याने 1909 मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकीत आऊटबोर्ड विकायला सुरुवात केली. सुमारे 28 किलो वजन, ताकद दीड हॉर्सपॉवर. आई, त्याची बायको बेस तुला आवडेल. हिशेब, पत्रव्यवहार, जाहिराती सगळं तिचं. वल्ही फेकून द्या, अशी जाहिरात तिनेच लिहिली आणि मागणी वाढली. तू निळ्या वहीत बाबांच्या पगाराचा पैसा न पैसा मांडायचीस, तशी ती मला दिसते. पुढे तिची तब्येत ढासळली आणि धंदा जोरात असताना ओलेने आपला हिस्सा विकून टाकला, तिला घेऊन फिरला. वर्षं गेली. 1921 च्या सुमाराला दोघं परत आले ते दोन सिलेंडरचं, ॲल्युमिनियमचं, पहिल्याहून हलकं आणि दुप्पट ताकदीचं इंजिन घेऊन.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. त्याने घरच्या माणसासाठी काम सोडलं आणि मी कामासाठी घरची माणसं सोडून चाललेय. आई, तुझा मार्चमधला रिपोर्ट वाईट असता तर मी सही केली नसती. शपथ. डॉक्टरांना एकटी जाऊन दोनदा विचारून आले, तुला सांगितलं नव्हतं.

बाबा, तुमचा माणूस मात्र कार्ल कीकहेफर. 1939 मध्ये त्याने सीडरबर्गला, त्याच राज्यात, एक बुडीत कारखाना घेतला. घ्यायचा होता दुसऱ्याच कामासाठी, पण आत सुमारे 300 आऊटबोर्ड पडलेली, गिऱ्हाइकाने सदोष म्हणून नाकारलेली. त्याने ती उघडली, सुधारली आणि त्याच गिऱ्हाइकाला विकली. त्यातून मर्क्युरी ही आऊटबोर्डची कंपनी उभी राहिली. तुम्ही खडकीला रिजेक्शनच्या ढिगातून रविवारी इंजिनं उभी करायचात, आई चिडायची, ते आठवून मला भरून आलं. 1957 मध्ये याच माणसाने सहा सिलेंडरचं, 60 हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड काढलं. लोक म्हणाले टिकणार नाही. त्याने फ्लोरिडात एका तळ्यावर ते महिन्याहून जास्त, दिवसरात्र न थांबवता 25,000 मैल पळवलं. चालक बदलायचा तो चालत्या बोटीत, पेट्रोल भरायचं तेही चालत्या बोटीत.

आणि आपली चेतक स्कूटर! रास्ता पेठेतल्या गच्चीवर तुम्ही सायलेन्सर जाळून काजळी झाडायचात आणि मी टॉर्च धरायचे. "हलवू नकोस गं, मने." टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येतं तेव्हा धुराचं दार उघडंच असतं, हे तुम्ही तेव्हा काडीने जमिनीवर काढून दाखवलंत. जुन्या आऊटबोर्डचं दुखणं तेच. पेट्रोलचा पाव हिस्सा, कधी त्याहून जास्त, न जळता सरळ पाण्यात. होंडाने 1964 पासून फोर-स्ट्रोक धरलं, ज्यात धूर बाहेर टाकायची फेरी वेगळी असते. बाकीच्यांना टू-स्ट्रोकचा हलकेपणा सोडवेना. अमेरिकेत 1996 मध्ये धुराचे नियम आले, मग सगळ्यांची धावपळ. 2004 मध्ये मर्क्युरीने सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबून आत भरणारा पंप, लावलेलं फोर-स्ट्रोक आणलं, 2.6 लिटरमधून 275 हॉर्सपॉवर. 2021 मध्ये बारा सिलेंडर, 7.6 लिटर, 600 हॉर्सपॉवर. त्यात बोट वळवताना वरचं धूड जागचं हलत नाही, फक्त पाण्यातला खालचा पाय वळतो. त्याचं काटछेद चित्र मी छापून घेतलंय. तुमच्या टेबलावर ठेवेन, भिंगासकट. गिअरबॉक्सबद्दल मला दोन प्रश्न आहेत, ते तुम्हालाच विचारायचेत.

आता घरचं. शोभाताई सोमवारपासून दोन्ही वेळ येतील, पैसे मी परस्पर देणार, तुम्ही विषय काढायचा नाही. इन्व्हर्टरची बॅटरी नवी टाकलीय. दूध दारात येईल, बाबांनी तीन जिने उतरून चौकात जायचं नाही. गेलातच तर काठी घेऊन. काठी घेतल्याने कोणी काही म्हणत नाही, तुमचे जोशीकाका केव्हापासून घेतात. कानातलं मशीन डब्यात ठेवायला आणलेलं नाही. सकाळची गोळी चहाआधी, वर्तमानपत्रानंतर नव्हे. आई, लोणचं ताटात घ्यायचं नाही, वास घे हवं तर. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, दोघांनीही. मला गौरीचे मुखवटे तिथे आहेत हे माहीत आहे. ते दादा काढेल.

रागावू नका. तिथे थंडी फार असते, पण आई, थर्मल घेतलेत, गोडा मसाला आणि मेतकूट तू देशील तेवढं नेईन, वजनाचं मी बघते. रोज तुमच्या सकाळी साडेआठला फोन करेन, तेव्हा माझी रात्र असेल. उचलला नाहीत तर मी शेजारच्या काकूंना लावेन आणि तेही नाही झालं तर दादाला, म्हणजे सगळ्यांची धावपळ. तेव्हा उचला.

परवा अकराला येतेय. बरोबर बाथरूममध्ये आधाराचे दांडे बसवणारा माणूस असेल. बाबा, कुठे भोक पाडायचं हे तुम्ही त्याला सांगा, पण ड्रिल त्याच्याच हातात राहू दे. आई, गोडाचं काही करू नकोस, मुगाची खिचडी आणि भाजलेला पापड पुरे.

तुमची
मनू