आजीच्या पायांची सूज

लातूर

चि. प्रसाद यास अनेक आशीर्वाद.

आजी आता दिवाळीपर्यंत नांदेडला तुझ्याकडे राहणार. तिच्या गोळ्यांचा डबा आणि फाईल पिशवीत ठेवली आहे. पण एक गोष्ट फाईल चाळून तुझ्या लक्षात येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तिच्या शुगरच्या गोळीच्या पट्टीवर पुढं कंपनीचं नाव मोठं आहे. पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं वाच. एकाच गोळीत तीन औषधं आहेत: ग्लिमेपिराइड १, मेटफॉर्मिन ५०० आणि पायोग्लिटाझोन १५ मिलिग्रॅम. यातलं तिसरं अंगात पाणी धरून ठेवतं. मूत्रपिंडात लघवी तयार होताना शेवटच्या टप्प्यात जे मीठ बाहेर जायला हवं, ते या औषधामुळं परत रक्तात ओढलं जातं आणि मिठाच्या मागं पाणी येतं. इन्सुलिनही थोडंफार हेच करतं. आजीला रात्रीचं इन्सुलिन नुकतंच सुरू झालंय, म्हणून पुढचे दोन-तीन महिने डोळ्यात तेल घालून बघायचे.

पायोग्लिटाझोन वाईट आहे असं मी म्हणत नाही. स्वस्त आहे, इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीराला ते दाद द्यायला लावतं, आणि एकटं घेतलं तर शुगर एकदम खाली पाडत नाही. भारतात २०१३ च्या जूनमध्ये त्याची विक्री थांबवली होती आणि थोड्याच आठवड्यांत ठळक इशाऱ्यासह पुन्हा परवानगी दिली. त्याचं भावंड रोसिग्लिटाझोन मात्र २०१० मध्ये बंद झालं ते झालंच. पायोग्लिटाझोनचा धोका हार्ट अटॅकचा नाही, वाढलेल्या पाण्याचा भार हृदयाला न पेलण्याचा आहे. ज्याचं हृदय आधीच कमजोर आहे त्याला ते देतच नाहीत.

वजनकाटा घे. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, काटा सपाट फरशीवर ठेवून वजन कर. सतरंजीवर ठेवलास तर आकडा चुकतो. कपडे रोज त्याच प्रकारचे असावेत, कारण एक दिवस नऊवारी आणि एक दिवस गाऊन असं झालं तर अर्ध्या-पाऊण किलोचा फरक कपड्यांचाच निघेल. कॅलेंडरवर तारखेखाली आकडा लिही. दोन दिवसांत दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोच्या वर वाढ दिसली तर ती चरबी नव्हे, पाणी आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर.

सूज बघायची ती नडगीच्या हाडावर. अंगठा दहा सेकंद दाबून धर आणि काढ. खड्डा राहिला तर पाणी आहे. जोडवी रुतायला लागली, बांगडी चढेना, हेही ध्यानात ठेव. आता घोळ असा, की तिची बीपीची अम्लोडिपिनची गोळीसुद्धा घोट्यांना सूज आणते. पण ती सूज बहुधा संध्याकाळी वाढते, सकाळी उतरते आणि वजन फारसं हलवत नाही. म्हणूनच म्हणतो, वजनाची नोंद सोडू नकोस. या दोन सुजांत गफलत झाली की लघवीची गोळी जोडली जाते आणि मूळ कारण तसंच राहतं. ही लघवीची गोळी म्हणजे बहुधा फ्युरोसेमाइड, ते मूत्रपिंडाच्या आधीच्या भागात काम करतं, पायोग्लिटाझोन शेवटच्या भागात. त्यामुळं त्या गोळीनं अशी सूज पुरेशी उतरेलच असं नाही. खरा उपाय म्हणजे तीन औषधांच्या गोळीऐवजी ग्लिमेपिराइड-मेटफॉर्मिनची दोन औषधांची गोळी. हा बदल डॉक्टरांनीच करायचा. तू परस्पर अख्खी गोळी बंद केलीस तर शुगर उसळेल.

तिथल्या डॉक्टरांना पट्टी आणि वजनाचं कॅलेंडर दाखव आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते दाखवणारी रक्ततपासणी), पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन आणि हिमोग्लोबिन करायचं का ते विचार. पाय मूत्रपिंडामुळंही सुजतात, रक्त कमी असल्यानंही.

मीठ दिवसाला एक सपाट चहाचा चमचा, सगळं धरून. आजी भाजीत वरून मीठ घेत नाही, पण ठेचा, लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी यांतून तेवढंच जातं. सैंधवही मीठच. "कमी सोडियमचं" मीठ आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, ते मूत्रपिंड थकलेल्याला घातक.

गुडघे दुखले की ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा असेक्लोफेनॅक मागवील. देऊ नकोस. त्यानं पाणी साठतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पॅरासिटामॉल चालेल, मात्रा डॉक्टरांना विचारून.

आणि सलाईन! आपल्याकडं अशक्तपणा वाटला की एक बाटली लावून घ्यायची पद्धत आहे. अर्ध्या लिटरच्या नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, जवळपास दिवसभराचं, आणि ते थेट रक्तात जातं. पाणी साठणाऱ्या माणसाला ती बाटली "ताकदीची" म्हणून कोणी लावू म्हटलं तर स्पष्ट नाही म्हण. जुलाब-उलट्यांनी खरंच पाणी कमी झालं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दवाखान्यात नेऊन मोजून द्यावं लागतं.

रात्री तिला किती उशा लागतात ते बघ. एकीच्या दोन झाल्या, आडवं पडलं की कोरडा खोकला येतो, झोपेतून धाप लागून उठून बसते, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट बघू नकोस. बसवून ठेव, झोपवू नकोस, आणि १०८ ला फोन कर. छातीत दुखत नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस. बऱ्याच वर्षांच्या शुगरमध्ये हृदयाचं दुखणं जाणवत नाही, नुसता घाम येतो आणि दम लागतो.

तुझे अण्णा

ता. क. : डॉक्टर बहुधा डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या दुसऱ्या गोळीचं नाव काढतील. ते लघवीवाटे साखर आणि मीठ बाहेर टाकतं, हृदयाला उलट आधार देतं. पण आजी नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरते, हे त्यांना आधी सांग. ही गोळी चालू असताना पोट उपाशी राहिलं, उलट्या झाल्या, पोट दुखलं किंवा धाप लागली, तर शुगर दीडशे दिसली तरी तातडीनं दवाखान्यात ने आणि किटोन (रक्तात साठणारं आम्ल) तपासायला सांग.