कापसाच्या भावाशेजारी बचत खात्याचे व्याजदरही छापा

महोदय,

आपल्या दैनिकात यवतमाळ, राळेगाव, वणी, हिंगणघाट इथले कापसाचे भाव नेमाने येतात. सोयाबीन, तूर, सोने-चांदीही असते. आमच्या घरी पेपर आला की आधी तेच पान उघडले जाते. त्याच पानावर महिन्यातून एकदा जिल्ह्यातल्या बँकांचे आणि पोस्टाचे बचत खात्याचे व्याजदर छापावेत, अशी विनंती आहे.

आमच्याकडे पैशाचा मोसम ठरलेला असतो. कापसाचे चुकारे, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, डिसेंबर-जानेवारीत जमा होतात, मागून तुरीचे येतात. पीककर्ज, कृषी केंद्राची उधारी, वेचणीची मजुरी भागवून जे उरते ते मेअखेरपर्यंत खात्यात पडून राहते, कारण मृगाआधी बियाणे आणि खत घ्यायचे असते. मुदत ठेवीत टाकायला मन धजत नाही. मधेच दवाखाना निघाला, मुलीचे लग्न जुळले, तर पैसा हाताशी हवा. म्हणून तो बचत खात्यातच राहतो, आणि त्यावर व्याज किती, हे बहुतेक घरांत कोणालाच सांगता येत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, "पैसा बँकेत हाये ना बाप्पा, व्याजाचं काय पाहाचं त्यात!" क्विंटलमागे पन्नास रुपये जास्त मिळतात म्हणून कापसाची गाडी दुसऱ्या जिनिंगवर नेणारी हीच घरे आहेत. भाव पेपरात दिसतो म्हणून गाडी वळते. व्याजदर कुठेच दिसत नाही.

बचत खात्याचा दर सगळ्या बँकांत सारखाच असतो, हा समज जुन्या काळातला आहे. ऑक्टोबर 2011 पर्यंत तो खरा होता. तेव्हा दर रिझर्व्ह बँक ठरवायची आणि शेवटी तो 4 टक्के होता. त्यानंतर ज्या त्या बँकेला मोकळीक मिळाली. एक लाखापर्यंतच्या शिलकीवर बँकेने सगळ्या खातेदारांना एकच दर द्यायचा, त्यापुढच्या रकमेवर वेगळा देता येतो, एवढेच बंधन राहिले. स्टेट बँकेचा दर 15 जून 2025 पासून 2.5 टक्के झाला, मोठ्या खासगी बँकाही त्याच सुमारास तिथेच आल्या. पोस्टाच्या बचत खात्याला मात्र 2011 च्या डिसेंबरपासून 4 टक्केच आहे.

एवढे वाचून कोणी लगेच पोस्टात धावेल, म्हणून पुढचे नीट सांगते. घरचा हिशेब मीच लिहिते, त्यामुळे हे मी वहीवर मांडून पाहिले आहे. बँक 2010 पासून रोजच्या शिलकीवर व्याज मोजते. पोस्टात महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी रक्कम असेल, तेवढ्यावरच त्या महिन्याचे व्याज मिळते. समजा, तीन लाख रुपये 11 जानेवारीला भरले आणि 28 मे रोजी काढले. पोस्टात जानेवारी गेला, मेही गेला. हाती फेब्रुवारी, मार्च, एप्रिल या तीन महिन्यांचे 3,000 रुपये. हाच पैसा तेवढेच दिवस अडीच टक्क्याने बँकेत राहिला असता तर सुमारे 2,800 मिळाले असते. म्हणजे फरक फक्त दोनशेचा. पण तोच पैसा 10 जानेवारीच्या आत भरला आणि 1 जूनला काढला, तर पोस्टात पाच महिन्यांचे 5,000 होतात आणि बँकेत 3,000 च्या आसपासच. या जास्तीच्या दोन हजारांत बीटी कपाशीच्या बियाण्याची दोन पाकिटे येतात. 2025 च्या खरिपात पाकीट 901 रुपयांना होते. खाते तेच, दर तोच, फरक फक्त तारखेचा. हा नियम आमच्या गावात फार थोड्यांना माहीत आहे. बाकी एक अडचण आहे, ती लपवत नाही: खेड्यातल्या शाखा डाकघरातून मोठी रक्कम एकदम निघत नाही, तालुक्याच्या पोस्टात जावे लागते.

आणखी एक घोळ बायकांचा होतो. लाडकी बहीण योजनेच्या वेळी 2024 मध्ये कितीतरी जणींनी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचे खाते उघडले. पोस्टमनने बोटाचा ठसा घेतला, खाते झाले, पैसे आले. चांगलेच झाले. पण त्यांना वाटते की आपले खाते पोस्टाचे, म्हणजे आपल्याला 4 टक्के. ते खाते वेगळे. त्याचा दर 4 टक्क्यांपेक्षा पुष्कळ कमी आहे आणि त्यात दोन लाखांच्या वर शिल्लक ठेवता येत नाही. खिडकी एकच असल्यामुळे हा फरक कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

लघु वित्त बँकांच्या जाहिरातीत 6-7 टक्के दिसतात. तो दर अनेकदा काही लाखांच्या पुढच्या रकमेलाच लागू असतो आणि खालच्या रकमेला कमी. आपल्या रकमेला किती पडतो, तेच विचारावे. या बँकांत पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला, व्याज धरून, ठेव विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेला ते नाही, आणि ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पतसंस्थेचा पिग्मीवाला, म्हणजे रोजची बचत गोळा करणारा, दारात येतो, बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त सांगतो, दिवाळीला वर बोनस देतो म्हणतो. माणूस ओळखीचा असतो, चहा पिऊन जातो. आमच्या गावातल्या एका विधवा बाईचे असेच पैसे एका पतसंस्थेत अडकले. पासबुकावर रक्कम दिसते, काढायला गेले की "पुढच्या महिन्यात या" ऐकावे लागते. त्यांची मुलगी तेव्हा नर्सिंगला होती. जास्तीच्या दोन टक्क्यांनी तिची फी भरली गेली नाही.

बँकेत विचारा, असे कोणी म्हणेल. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेप्रमाणे शाखेतले फलक मराठी, हिंदी आणि इंग्रजीत असायला हवेत, त्यात बचत खात्याचा दरही यायला हवा. मी ज्या शाखेत जाते तिथला कागद इंग्रजीत आहे, आणि तो काउंटरच्या आत, केवायसीच्या गठ्ठ्यांमागे लावलेला आहे. विड्रॉलची स्लिप दुसऱ्याकडून भरून घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने तो वाचायचा कसा? ऑटो स्वीपची सोय तर कोणी आपणहून सांगतच नाही. ठरलेल्या रकमेवरचा पैसा त्यात आपोआप मुदत ठेवीत जातो आणि लागेल तेव्हा परत घेता येतो. मला वाटते, कापसाच्या पैशाला हीच सोय सर्वांत जास्त जुळते.

तरी आपण कोष्टक छापावे. एक लाखापर्यंत दर किती, त्यापुढे किती, व्याज रोजच्या शिलकीवर मोजतात की महिन्याच्या कमीत कमी शिलकीवर, किमान शिल्लक किती आणि नसेल तर दंड किती, ठेवीला विमा आहे की नाही. महाराष्ट्र ग्रामीण बँक आणि जिल्हा मध्यवर्ती बँक त्यात जरूर घ्या, आमच्या बहुतेकांची खाती तिथेच आहेत. आणि ते महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यावे, म्हणजे ज्याला पोस्टात भरायचे त्याला 10 तारखेच्या आत तालुक्याला जाता येईल. कापसाचे चुकारे सुरू होतात त्या डिसेंबरपासूनच सुरुवात झाली तर बरे होईल.

आपली नम्र,
एक शेतकरी वाचक
ता. नेर, जि. यवतमाळ