कडी न लावलेलं घर

पुणे

ती. आई आणि अण्णांना सा. न.

परवा फोनवर अण्णांनी विचारलं, "तू तिथं नक्की करतेस काय? भूकंपात जेसीबी लागतो, डॉक्टर लागतो. बोलायला माणसं कशाला?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते.

गेले दोन शनिवार आमचं प्रशिक्षण होतं. मानसिक प्रथमोपचार. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११ साली त्याची पुस्तिका काढली. बघा, ऐका, जोडून द्या, एवढंच सूत्र. आधी पाणी, पांघरूण, घरचं माणूस सापडलं का याची चौकशी. काय घडलं ते खोदून विचारायचं नाही. बोलला तर ऐकायचं, गप्प असला तर शेजारी बसायचं. झोपेच्या गोळ्या सरसकट वाटायच्या नाहीत. आपली माणसं, काम, जेवणखाण मार्गी लागलं की बहुतेक जण सावरतात. ज्यांना जमत नाही त्यांना डॉक्टरांपर्यंत पोचवायचं.

सरावात एक जण भूकंपातून वाचलेली बाई झाली होती. मी तिला सवयीनं म्हटलं, "रडू नका, तुम्ही तरी वाचलात." शिकवणाऱ्या बाईंनी तिथंच थांबवलं. म्हणाल्या, वाचल्याचंच तर ओझं असतं.

मला अण्णा दिसले.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बुडवून लोक नुकते आडवे झाले होते. दगडमातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद, सगळं झोपलेल्यांच्या अंगावर. आपलं घर तडकलं, पण उभं राहिलं. अण्णा आठ दिवस किल्लारीला ढिगारे उपसत होते, हे मला आत्यानं सांगितलं. तुम्ही कधीच नाही. मी चार वर्षांची होते. मला एवढंच माहीत, की आपल्या दाराला रात्री कडी लागत नाही. नुसतं लोटलेलं दार आणि उशाला बॅटरी. सगळ्यांकडे असंच असतं असं वाटायचं. होस्टेलवर पहिल्या रात्री मैत्रिणीनं कडी घातली आणि मी उजाडेपर्यंत जागी.

पुढं ५२ गावं नव्या जागी वसवली. (आत्या अजून म्हणते, रांगेतलं घर पक्कं आहे, पण शेजार गेला.) भारतीय जैन संघटनेनं तिकडची बाराशेच्या आसपास पोरं इथं वाघोलीला शिकायला आणली, तिथून जाताना दर वेळी आठवतं. अण्णा, तुम्हाला मात्र झोप लागते का, हे कुणी विचारलं नाही. आम्हीही नाही.

आता मी उलटतपासणी घेणार नाही, घाबरू नका. पण पहाटे अंगणात जाऊन बसता तेव्हा छाती धडधडते का, ते आईला तरी सांगा. आई, १४४१६ हा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेव. सरकारी टेलि-मानस, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. वेड्यांचा नंबर नाही तो, अण्णांना सांग.

शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघते, चारच्या सुमारास पोचेन. दार लोटलेलंच असेल, तेव्हा आईला उठवू नका. अण्णा जागे असतीलच. चहा मी ठेवते.

तुमची,
ताई