पेशींना खालचा कडकपणाही कळतो

संपादक महोदय,

प्रयोगशाळेत ऊती वाढवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. त्यात जनुके आणि वाढीची रसायने आहेत. पेशी ज्याच्यावर वाढतात त्या पृष्ठभागाचा मात्र उल्लेखही नाही.

पेशी मायोसिन या आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या जोरावर खालचा पृष्ठभाग सतत ओढून पाहते. 2006 मध्ये अमेरिकेतील डिशर यांच्या गटाने अस्थिमज्जेतील मूलपेशी वेगवेगळ्या कडकपणाच्या जेलवर वाढवल्या. पोषणद्रव तोच, तरी 0.1 ते 1 किलोपास्कल (कडकपणाचे एकक) इतक्या मऊ जेलवर त्या चेतापेशींकडे, 8 ते 17 वर स्नायूकडे आणि 25 ते 40 वर हाडाकडे झुकल्या. मायोसिन रोखले की हे वळण दिसेना. स्तनग्रंथीच्या पेशीही मऊ जेलमध्ये पोकळ गोळे रचतात. कडक जेलमध्ये तीच रचना विस्कटते. आपली नेहमीची प्लॅस्टिकची डिश तर स्नायूच्या सुमारे लाखपट कडक!

ठाणे-नवी मुंबईतील ज्या महाविद्यालयांत पेशीसंवर्धन चालते, तिथे हे करून पाहता येईल. प्रथिने वेगळी करण्याच्या जेलसाठी लागणारे सामान तिथे बहुधा असतेच. फक्त तयार मिश्रण नको, कारण त्यातले प्रमाण ठरलेले असते. 40 टक्के अॅक्रिलमाइड (जेलचा मुख्य घटक) आणि 2 टक्के बिस (त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडणारे रसायन) यांची द्रावणे वेगळी ठेवावीत. 1 मिलिलिटरमध्ये अनुक्रमे 75 व 30 मायक्रोलिटर घेतल्यास जेल साधारण अर्धा किलोपास्कल होते; 200 व 240 घेतल्यास सुमारे 40. दोन्हींत जेल धरण्यासाठी 10 टक्के एपीएस 10 आणि टेमेड 1 मायक्रोलिटर, बाकी बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण). मऊ जेलवर फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीतील पेशी) गोल राहतात, कडक जेलवर पसरतात. दुसऱ्या दिवशी साध्या सूक्ष्मदर्शकातून फरक दिसतो.

फसते ते असे. एपीएस शिळे असले किंवा द्रावणात हवा राहिली, तर जेल धरतच नाही. न धरलेले अॅक्रिलमाइड चेतासंस्थेला घातक, म्हणून हातमोजे हवेत आणि जेल बफरने अनेकदा धुवायला हवे. नुसत्या जेलला पेशी चिकटत नाहीत, त्यावर कोलाजेन हे प्रथिन रासायनिकरीत्या बांधावे लागते. ते दोन्ही जेलवर सारखे बसले नाही, तर फरक कडकपणाचा की कोलाजेनचा, हे सांगताच येणार नाही. आणि सगळ्यांत फसवी गोष्ट म्हणजे जाडी. काही मायक्रॉनचाच थर असला, तर पेशीला खालची काच जाणवते आणि मऊ जेलही कडक भासते. 12 मिलिमीटरच्या गोल काचेवर 10 मायक्रोलिटर टाकून वर दुसरी काच ठेवल्यास सुमारे 90 मायक्रॉनचा थर मिळतो, तेवढा पुरतो.

आपले,
जीवशास्त्राचे काही अध्यापक, खारघर, नवी मुंबई