रविवारच्या विजयाबद्दल, सईला

चि. सईस,

अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. रागावली असशील, मीही रागावलेच आहे. पण शनिवारच्या मॅचला तू उतरायचं की नाही, ह्या भांडणाच्या नादात जे बोलायचं राहिलं ते आधी बोलून घेते. काय खेळलात गं! एक-शून्य, आणि तेही ज्यांनी मागच्या मोसमात त्यांच्या मैदानावर तुम्हाला नुसतं पळवून दमवलं होतं त्यांच्याविरुद्ध. रविवारी तुम्ही त्यांना पळूच दिलं नाहीत. पहिल्या दहा मिनिटांतच कळलं, आज नाजूक पासिंग वगैरे बघायला मिळणार नाही, प्रत्येक बॉलसाठी अंगाला अंग घासणार. धसमुसळा खेळ. मला तसाच आवडतो, हे तुझ्या बाबांना लग्नानंतर कळलं बिचाऱ्यांना.

त्यांचा कोच सारखा ओरडत होता, ‘हा काय फुटबॉल आहे का, ही गुंडगिरी आहे.’ माझ्या शेजारच्या बाई वैतागल्या, मी मात्र खूश. खांद्याला खांदा लावणं नियमात बसतं, बॉल खेळण्याच्या अंतरात असला म्हणजे झालं. निष्काळजीपणा झाला तर नुसता फाउल, समोरच्याच्या जिवाची पर्वा न करता घुसलात तर पिवळं कार्ड, आणि नको तितका जोर लावलात तर लाल. रेफ्रीने दोन पिवळी दाखवली, दोन्ही रास्त होती, आणि त्यातलं एकही तुझं नव्हतं. गुंडगिरी बघायचीच असेल तर त्या कोचने १९६२ च्या वर्ल्ड कपमधला चिली-इटली सामना आठवावा. तिथेही घरचाच संघ जिंकला होता, दोन-शून्य. पण मैदानात पोलीस आले होते आणि चिलीच्या खेळाडूने ठोसा मारून इटलीच्या माणसाचं नाक फोडलं होतं. ती मॅच सांभाळणारे रेफ्री केन ॲस्टन. लाल-पिवळ्या कार्डांची कल्पना पुढे त्यांनीच काढली. आबा ही गोष्ट इतक्या वेळा सांगायचे की दादा तोंडावर उशी घ्यायचा.

आणि तुझा तो सत्तराव्या मिनिटाचा टॅकल! त्यांची दहा नंबरवाली आत वळली तेव्हा दुसरी कुणीही लगेच झेपावली असती. तू दोन पावलं मागे सरलीस, तिला डाव्या पायावर जायला लावलंस, आणि तिच्याकडून बॉल वीतभर लांब सुटला तेव्हा खांदा घातलास. ती पडली, बॉल तुझ्याकडे राहिला, शिट्टी वाजली नाही. मी काय ओरडले मला माहीत नाही, पण पुढच्या रांगेतल्या पोराने मागे वळून बघितलं.

ओरडले आणि खाली बसले, कारण पंधराच मिनिटांपूर्वी काय झालं होतं ते आठवलं.

त्या कॉर्नरविषयी इथे लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण सई, तो आवाज वर स्टँडमध्ये आला गं. तुझं कानशील आणि दुसरीच्या डोक्याचा मागचा भाग. फिजिओ धावत आले, मानेवर पाणी मारलं, विचारलं, ‘ठीक आहेस?’ ह्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारा खेळाडू अजून जन्माला यायचाय. तू अंगठा दाखवलास, उठलीस, आणि जाऊन उजवीकडे उभी राहिलीस. तू डावीकडची स्टॉपर आहेस, गोलसमोर मधोमध बचाव करणाऱ्या दोघींतली डावी. तुमच्या कॅप्टनने दंडाला धरून तुला जागेवर नेलं. ते कुणाच्या लक्षात आलं नसेल, माझ्या आलं. आणि मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये तू मला विचारलंस, ‘गोल पहिल्या हाफला झाला ना?’

गोल बासष्टाव्या मिनिटाला झाला. तू तिथेच होतीस, धावत जाऊन सगळ्यांच्या अंगावर पडलीस.

मी गप्प झाले तेव्हा म्हणालीस, चेष्टा करत होते. खरंच करत होतीस का? मला एवढंच सांग. मग मी काही बोलणार नाही.

तुला २०१४ च्या वर्ल्ड कपची फायनल आठवते? तू चौथीत होतीस, दुसऱ्या दिवशी शाळा होती, आणि बाबा नको नको म्हणत असताना मी तुला उठवलं होतं. आबा सोफ्यावर, तुझे पाय त्यांच्या मांडीवर. जर्मनीचा क्रेमर सतराव्या मिनिटाला अर्जेंटिनाच्या गारायच्या खांद्यावर आपटला आणि तसाच खेळत राहिला, एकतिसाव्या मिनिटापर्यंत. त्याने रेफ्री रिझोलींना विचारलं होतं, ही फायनलच आहे ना? नंतर ते कळल्यावर तू इतकी हसलीस, आठवडाभर जेवताना, अंघोळीला जाताना, सारखं ‘ही फायनलच आहे ना?’ आबा एक्स्ट्रा टाइममध्ये घोरत होते आणि गोट्झेच्या गोलला दचकून उठले. ‘कुणी मारला, कुणी मारला?’ म्हणून त्यांनी सगळं घर उठवलं. कमलआत्याने वरून फोन केला होता, चोर शिरले का म्हणून. काय रात्र होती ती. आबा असते तर रविवारी पहिल्या रांगेत बसले असते, आणि तुझ्या कोचशी त्यांनी नक्की वाद घातला असता.

भरकटले. क्रेमरचं म्हणत होते. तो बेशुद्ध पडला नव्हता, तूही पडली नाहीस. कन्कशनला, म्हणजे मार बसून मेंदू हादरण्याला, शुद्ध हरपावीच लागते असं नाही. सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून दादाला मेसेज केलास, तो त्याने मला दाखवला, त्याच्यावर चिडू नकोस. सीटीत रक्तस्राव दिसतो, फ्रॅक्चर दिसतं. कन्कशन त्यात सहसा दिसत नाही. डोकं दुखणं, मळमळ, उजेड नकोसा वाटणं, उगाच चिडचिड होणं, हे काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही सुरू होतं. (फोन न उचलणं त्यात येत नाही, ते तुझं जन्मजात आहे.) आणि पहिला मार बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. मुलींमध्ये कन्कशनचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त दिसतं, हेही अभ्यासांत आलंय. २०२१ पासून कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूचे प्रयोग सुरू झाले आणि आता ते नियमांच्या पुस्तकातच आलंय, स्पर्धेने स्वीकारलं तर. ते काय उगाच? पहिले एक-दोन दिवस आराम, मग एकेक पायरी, प्रत्येक पायरीला निदान एक दिवस, आणि अंगाला अंग लागणारी प्रॅक्टिस डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. मोजून बघ, शनिवार त्यात बसत नाही.

झालं, लागले लेक्चर द्यायला. सॉरी. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तुमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवतातही. आणि मला ठाऊक आहे, शनिवारी बाहेर बसलीस तर तुझी जागा त्या नव्या मुलीला मिळेल, आणि ती चांगली खेळते. हे मी समजू शकत नाही असं समजू नकोस. तू दोन मोसम बेंचवर काढलेस ते मीच बघितलंय. रोज रात्री तुझा फोन यायचा आणि तू हवापाण्याच्या गप्पा मारायचीस.

जेफ ॲस्टलचं नाव काढणार नव्हते. इंग्लंडचा स्ट्रायकर, हेडरसाठीच प्रसिद्ध, २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला. वर्षानुवर्षं बॉल डोक्यावर घेतल्याने मेंदूला झालेली इजा, असा निष्कर्ष निघाला. ती गोष्ट वेगळी आहे, बॉलही तेव्हाचे वेगळे, मला कळतं. पण रात्री झोप लागत नाही तेव्हा वेगळं-बिगळं काही राहत नाही. तू हेडर मारायची सोड असं मी म्हणत नाहीये. स्टॉपरने हेडर सोडला तर उरलं काय? शेवटच्या पाच मिनिटांत तू तीन कॉर्नर डोक्यानेच बाहेर काढलेस, मॅच तिथे जिंकली. मी टाळ्या वाजवत होते आणि हात थरथरत होते.

तर असं. टीम डॉक्टरांना स्वतःहून सांग, चुकीच्या बाजूला उभी राहिले होते आणि गोल आठवत नव्हता. चेष्टा असेल तरी सांग, ते त्यांना ठरवू दे. रूममेटला म्हणावं, सईचं काही वेगळं वाटलं तर मला मेसेज कर, तिचा नंबर माझ्याकडे नाही. शनिवारी आम्ही दोघं येतोय, तू आत असलीस काय नि बाहेर असलीस काय. आत असलीस तर मात्र बाबांना सांभाळायची जबाबदारी माझी नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबा तुझ्यासाठी ते गोलकीपर पेत्र चेकसारखं हेडगिअर बघत बसलेत. २००६ मध्ये त्याची कवटी फुटली होती आणि त्यानंतर तो शेवटपर्यंत ते घालूनच खेळला, हे त्यांनी कुठेतरी वाचलं. मी सांगितलं, त्याने वरचा मार कमी होईल, आत मेंदू हलायचा थोडाच थांबणार? हो, हो म्हणाले, आणि ऑर्डर करून टाकलं. निळं आहे.