फक्त हूक राहिलेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकांनी लिहिलंय की एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचा आणि अति चुळबुळीचा त्रास, हे मोबाइलनं आणलेलं नवं खूळ आहे, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. त्यांच्या वेळीही होतं. त्याला तेव्हा वेंधळी, धांदरट, वांड अशी नावं होती, एवढंच. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी अशा मुलांविषयी व्याख्यानं दिली ती १९०२ साली. तेव्हा कुठला आलाय मोबाइल?

मी कराडजवळच्या एका गावात २२ वर्षं ब्लाउज शिवते. वय ४७. माझ्या कपाटात कायम दहा-बारा ब्लाउज असे असतात की अस्तर लागलंय, बाह्या बसल्यात, गळ्याला पायपिंग झालंय आणि हूक राहिलेत. अवघड ते सगळं उरकलेलं. उरलेलं काम पंधरा मिनिटांचं, पण महिना महिना हात लागत नाही. गिऱ्हाईक दारात आलं की माझं ठरलेलं, ‘फक्त हूक राहिलेत, उद्या नेऊन जा.’ गल्लीतली पोरं माझी नक्कल करतात. उलट लग्नाचा घागरा आला तर रात्री नऊला बसते ती पहाटे चारला उठते, मध्ये पाणीसुद्धा पीत नाही. मग घरचे म्हणणारच, ‘मनात आलं की करतेस की! आळस आहे नुसता.’ मलाही तसंच वाटायचं.

माझी मुलगी नर्सिंगला आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं मला एडीएचडीची एक प्रश्नावली वाचून दाखवली, जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागातून मोठ्या माणसांसाठी तयार झालेली. पहिलाच प्रश्न असा, की कामातला अवघड भाग झाल्यावर शेवटचं बारीकसारीक पुरं करायला तुम्हाला किती वेळा जड जातं? मी हातातली कात्री खाली ठेवली. ‘पुन्हा वाच गं,’ म्हटलं.

नुसत्या प्रश्नावलीवर निदान होत नसतं, हे इथेच सांगते. पहिल्या डॉक्टरांनी ‘हा लहान मुलांचा आजार, तुम्हाला कुठला?’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या, मनोविकारतज्ज्ञ बाई. त्यांनी थायरॉइड तपासायला लावलं, झोपेचं विचारलं, उदास वाटतं का विचारलं, आणि पुढच्या वेळी आईला घेऊन या म्हणाल्या. कारण लक्षणांचा माग वयाच्या बाराव्या वर्षाच्या आत लागावा लागतो. आधी ही अट सात वर्षांची होती, २०१३ साली बारा झाली. आई पंचाहत्तरीची. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. म्हणाली, ‘दुधापाशी हिला उभी केली की दूध उतू जाणारच. समोर उभी असायची, बघत असायची, आणि जायचं.’

माझा धाकटा भाऊ मात्र पत्र्यावर चढणारा, वर्गात बाकावरून उड्या मारणारा. त्यानं मार खाल्ला, पण लोकांच्या नजरेत तरी आला. मी खिडकीतून बाहेर बघत गप्प बसायचे, म्हणजे गुणाची पोर. मुलींचं असंच सुटून जातं म्हणे. आता तो चाळिशी पार आहे, टेम्पो चालवतो. उड्या थांबल्यात. डॉक्टर मॅडमनी सांगितलं तेच त्याच्यात दिसतं : वय वाढलं की पळापळ कमी होते, ती अस्वस्थता आत जाऊन बसते. विसरणं, पुढे ढकलणं, वेळेचा अंदाज चुकणं हे मागे राहतं, आणि संसार, हप्ते, गिऱ्हाइकं वाढल्यावर उघडं पडतं. त्यात पाळी जाण्याच्या वयात अनेक बायकांचा त्रास आणखी वाढतो. माझं तेच झालं.

एडीएचडीवरचं मिथाइलफेनिडेट हे औषध अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, सगळ्याच दुकानांत मिळत नाही. मला ॲटोमॉक्सेटिन हे दुसरं औषध दिलंय, बीपी तपासून. सुरुवातीला तोंड कोरडं पडायचं, जेवण जाईना. फरक कळायला महिना-दीड महिना गेला. पण गोळी काही हूक लावत नाही.

मुलीनं पुण्याहून सुंदर डायरी आणली होती, ती नऊ दिवस चालली. चाललं ते वेगळंच. भिंतीवर सात खिळे ठोकलेत, वारांचे. कापड कपाटात जातच नाही, ज्या वारी द्यायचं त्या खिळ्याला टांगायचं. डोळ्यांआड गेलं की माझ्या लेखी ते कापड संपलं. मनात ‘दोन दिवस’ आलं की गिऱ्हाइकाला चार सांगते. हूक शेजारच्या काकूंना देते, नगाला दहा रुपये. लाज वाटायची, आता नाही वाटत. आणि हिशेबाची वही काढली की काकूंना भाजी निवडायला समोर बसवते. त्या बोलत नाहीत, बघतही नाहीत, पण माणूस समोर असलं की मी उठत नाही.

आपल्याला विनंती एवढीच की याविषयी छापताना शाळेतल्या मुलाचाच फोटो टाकू नका, आमच्या वयाच्या माणसांबद्दलही लिहा. आणि टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा नंबर, १४४१६, ठळक छापा. फुकट आहे, मराठीत बोलतात. भावाला मी तो तीनदा लिहून दिलाय. चिठ्ठी टेम्पोत कुठेतरी असेल.

हे पत्र मागच्या सोमवारी लिहायला घेतलं. ‘आपली विश्वासू’ एवढंच राहिलं होतं ते सहा दिवस तसंच. आज काकू मेथी घेऊन बसल्यात.

आपली विश्वासू,
एक शिवणकाम करणारी वाचक, ता. कराड
(कृपया नाव छापू नये.)