आवाहन : बीजगणिताच्या कृतिवह्यांसाठी मदत हवी आहे

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाच्या अभ्यासिकेत आठवी ते दहावीच्या मुलांसाठी चालणारा बीजगणिताचा वर्ग आपणा सर्वांच्या परिचयाचा आहेच. जूनच्या मध्यात शाळा सुरू होतील. या वर्षी वर्गात येणाऱ्या मुलांची संख्या वाढली आहे, मात्र वह्या, कार्डशीट आणि कात्र्या यांची तजवीज अद्याप झालेली नाही, म्हणून हे आवाहन घाईने परंतु पूर्ण विश्वासाने करीत आहोत.

दहावीला गणित भाग १, म्हणजे बीजगणिताचा पेपर, ४० गुणांचा असतो. सूत्रे पाठ करून गेलेली मुले तेथे अडखळतात, कारण त्या अक्षरांमागे काय आहे हे त्यांनी कधी पाहिलेलेच नसते. आपल्या वर्गातील नववीची एक विद्यार्थिनी (अ + ब)² = अ² + ब² असे ठामपणे लिहीत असे. बाईंनी तिला घोटीव कागदाचा एक चौरस दिला, त्याच्या लगतच्या दोन्ही बाजूंवर अ आणि ब या लांबीच्या खुणा करायला लावल्या आणि रेषा आखून कापायला सांगितले. दोन चौरस तिने वहीत चिकटवले आणि हातात उरलेले दोन आयत पाहून विचारले, "बाई, हे कुठे लावायचे?" ते दोन आयत म्हणजेच २अब. ते पद तिच्याकडून पुन्हा सुटले नाही.

अवयव पाडणेही असेच शिकवले जाते. क्ष² + ५क्ष + ६ साठी एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा लहान चौरस घेऊन मुले आयत जुळवतात आणि त्याच्या बाजू क्ष + २ आणि क्ष + ३ आहेत हे स्वतः वाचतात. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी अव्यक्त राशींना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे वापरली होती. आपली मुलेही दोन चलांच्या समीकरणात एका चलासाठी निळा आणि दुसऱ्यासाठी पिवळा कागद वापरतात. सर्व तुकडे वहीच्या मागील पुठ्ठ्याला चिकटवलेल्या पाकिटात राहतात, त्यामुळे घरी उजळणी करताना ती वहीच त्यांच्या उपयोगी पडते.

हे सर्व ज्यांच्यामुळे उभे राहिले त्यांचे ऋण येथे नमूद केलेच पाहिजे. अप्पा बळवंत चौकातील आपल्या दुकानदार काकांनी पहिल्या वर्षीच्या सगळ्या वह्या खरेदीच्या दरात दिल्या आणि त्या स्वतः स्कूटरवरून आणून पोहोचवल्या. छापखान्याच्या मालकांनी कटिंगमधून उरणारे कार्डशीट फेकू न देता आकारानुसार गठ्ठे बांधून आपल्यासाठी राखून ठेवले. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी तर स्वतःच्या निवृत्तिवेतनातून कात्र्या आणल्या आणि गुडघ्यांचे दुखणे असतानाही एकही वर्ग चुकवला नाही. नावे छापू नयेत असा या तिघांचाही आग्रह आहे; तो मान्य करून मंडळ त्यांना मनःपूर्वक वंदन करीत आहे.

गेल्या वर्षीही आम्ही असेच आवाहन केले होते. कौतुक पुष्कळांनी केले, मदत मात्र मोजक्या घरांतून आली, याचे मनाला वाईट वाटले हे लपवत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी आपण आनंदाने देता आणि ती द्यावीच. त्याच आपुलकीचा थोडा वाटा या मुलांनाही मिळावा, एवढीच विनंती आहे.

एका मुलाचा वर्षाचा खर्च सुमारे २०० रुपये येतो. रोख रक्कम किंवा मंडळाच्या नावे धनादेश कार्यालयात सायंकाळी ६ ते ८ या वेळेत (सोमवार बंद) स्वीकारला जाईल व पावती लगेच मिळेल. वस्तुरूपाने देणाऱ्यांनी दोनशे पानी, मोठ्या आकाराची, चौकटीचीच वही द्यावी, एकरेघी नको. घोटीव कागद, कार्डशीट, डिंकाच्या बाटल्या, बोथट टोकाच्या कात्र्या आणि आलेख कागदही चालतील. पैसे देणे शक्य नसल्यास शनिवारी दुपारी पट्ट्या कापण्यासाठी दोन तास यावे, त्याचीही तितकीच गरज आहे. सर्व मदत १० जूनपूर्वी पोहोचावी, कारण संच बांधायला किमान चार दिवस लागतात.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारिणीच्या वतीने)